विमान कंपन्यांच्या ट्रेनिंग विभागांना खुलं पत्र: ऑक्सिजनचा धडा 'नेक्स्ट' दाबून शिकता येत नाही

सर, मॅडम, नमस्कार.

वर कुठल्या कंपनीचं नाव टाकलेलं नाही कारण हे पत्र एकट्या कुणाला नाहीये. देशात ज्या ज्या विमान कंपनीत, केबिन क्रू इन्स्टिट्यूटमध्ये, फ्लाइंग स्कूलमध्ये सेफ्टी ट्रेनिंगचं वेळापत्रक कुणीतरी बसून ठरवतं, त्या प्रत्येकाला आहे. आणि मेल न करता असं उघड्यावर लिहितेय कारण मेल मी केले होते, 'नोटेड विथ थँक्स' आलं, विषय संपला.

मी बरीच वर्षं केबिन क्रू होते, नंतर सेफ्टी इन्स्ट्रक्टर. आता नोकरीत नाही त्यामुळे मला कुणी मेमो देऊ शकत नाही, हा एक फायदा. पण माझी सख्खी भाची उडते. परवा रात्री तिला पिकअप होता, कॅबमधून तिचा फोन आला आणि बोलता बोलता म्हणाली, "मावशी, झालं माझं डीकम्प्रेशन." डीकम्प्रेशन म्हणजे वर असताना केबिनमधला हवेचा दाब जाणं, तेव्हा काय करायचं याचं ट्रेनिंग. म्हटलं कुठे, सिम्युलेटरला बोलावलं होतं का? तर नाही. फोनवर. मॉड्यूल आलंय आता. स्लाइड बघायची, नेक्स्ट, नेक्स्ट, मधे एक ॲनिमेशन त्यात पिवळे मास्क पडतात, शेवटी प्रश्न, चुकलं तर परत तेच प्रश्न त्याच क्रमाने येतात, आणि मग सर्टिफिकेट. मॉक-अपमध्ये, म्हणजे सरावासाठी बनवलेल्या नकली केबिनमध्ये, प्रत्यक्ष करायचा भाग त्यांच्याकडे या वेळी 'ऑप्टिमाइझ' केलाय म्हणे. म्हणजे कापलाय. वर तिला वाटतंय बरं झालं, एक सुट्टी वाचली. तिची चूक नाही, चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करून आलेल्या पोरीला सुट्टी प्यारी असणारच. चूक तुमची आहे आणि ती का आहे ते मी जरा सविस्तर सांगणारे, वाचा.

ऑक्सिजन कमी पडला की माणूस गुदमरतो, गळा धरतो, तडफडतो असं बहुतेकांना वाटतं. उंचीवर तसं होत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला माहितीये ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. उंचीवर श्वास तर नीट चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे शरीर बोंब मारतच नाही. हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, वर गेल्यावर टक्केवारी बदलत नाही, बदलतो तो दाब. 18,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, 35,000 वर जेमतेम चौथा हिस्सा. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलायला जो रेटा लागतो तोच उरत नाही. आणि सगळ्यात आधी मार खातो तो मेंदू, त्यातही मेंदूचा तो भाग जो म्हणतो की अरे, काहीतरी गडबड आहे. म्हणजे ज्याने धोका ओळखायचा तोच पहिला झोपतो. उलट बऱ्याच जणांना छान वाटतं, हसू येतं, कॉन्फिडन्स वाढतो.

हे काही आजचं ज्ञान नाही. 15 एप्रिल 1875 ला फ्रान्समधून झेनिथ नावाचा बलून उडाला होता, त्यात तिघं जण होते, तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या बरं का, ऑक्सिजन नव्हता म्हणून काही झालं नाही. बलून साधारण 8,600 मीटरपर्यंत गेला. तिसांदिएने नंतर लिहून ठेवलंय की त्रास असा काहीच होत नव्हता, आतून आनंद वाटत होता, आपण 8,000 मीटर गाठले हे ओरडून सांगायचं होतं पण जीभ हलेना, आणि नळी तोंडाला लावायला हात उचलेना. बलून खाली आला तेव्हा तो एकटा जिवंत होता. दीडशे वर्षं झाली या गोष्टीला आणि आपण अजून 'मास्क उपलब्ध आहेत' या वाक्यावर समाधान मानतोय.

वेळेचं गणित तुम्हाला पाठ असेल, इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. दाब गेल्यावर माणूस कामाचा किती वेळ राहतो, म्हणजे बेशुद्ध व्हायला किती वेळ हे नाही, स्वतःहून योग्य कृती करायला किती वेळ: 25,000 फुटांवर साधारण 3 ते 5 मिनिटं, 30,000 वर 1 ते 2 मिनिटं, 35,000 वर 30 ते 60 सेकंद, 40,000 वर 15-20 सेकंद. हे आकडे बसलेल्या, निरोगी माणसाचे. धाडकन दाब गेला तर निम्मे धरा. आणि केबिन क्रू बसलेली नसते, ती भरलेली ट्रॉली ढकलत असते, तेही विमान नाक वर करून चढत असताना. तिचं घड्याळ आणखी फास्ट पळतं.

आता माझ्या तक्रारी. एकेक घेते.

पहिली आणि सगळ्यात मोठी. हायपॉक्सियाची, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडण्याची, लक्षणं तुम्ही यादी म्हणून शिकवता. बोटांना मुंग्या, नखं निळी, नजर आखडणं, डोकं हलकं होणं, गरम वाफ आल्यासारखं वाटणं, बोलणं अडखळणं, विनाकारण खुशी. यादी बरोबर आहे, परीक्षेत लिहायला उत्तम. पण प्रत्येकाची सुरुवात वेगळी असते, आणि एका माणसाला एकदा जे आधी जाणवतं तेच बहुतेक वेळा पुढच्या वेळीही आधी जाणवतं. म्हणून हवाई दल काय करतं, बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये पायलटला चेंबरमध्ये बसवून, डॉक्टर बाहेर उभे ठेवून, त्याची स्वतःची लक्षणं त्याला दाखवतं. आपल्याकडे सिव्हिलमध्ये पूर्ण करिअर होतं तरी बहुतेक पायलटना आणि केबिन क्रूला आपली लक्षणं कुठली ते माहिती नसतं.

मी स्वतः एकदा कमी ऑक्सिजनच्या हवेचा मास्क लावून बसलेय, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बोटाला ऑक्सिमीटर, समोर कॅमेरा. काम सोपं, 100 मधून 7 वजा करत जायचं आणि कागदावर लिहायचं. 93, 86, 79, 72 पर्यंत अक्षर माझं. मग परत 72. मग 72 च्या खाली 72. कान गरम झालेले आठवतात आणि आठवतं ते हे की मला फार मस्त वाटत होतं, वाटत होतं किती पटापट करतेय मी. डॉक्टर म्हणाले ऑक्सिजनचा मास्क लावा. व्हिडिओत मी त्यांच्याकडे बघून गोड हसते, मान डोलावते, आणि मास्क मांडीवरच राहतो. दोन वेळा. शेवटी त्यांनी तो लावला. लावल्यावर क्षणभर आणखीच गरगरलं, असं होऊ शकतं हेही मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, त्या क्षणी माणूस मास्क काढून टाकू शकतो. दोन-चार श्वासात डोकं जाग्यावर आलं आणि कागद बघून अक्षरशः घाम फुटला. त्या दिवसापासून विमानात कान गरम झाले की मी आधी घड्याळ आणि नखं बघायचे. हे मला शंभर स्लाइडनी शिकवलं नसतं. लहानपणी खडकवासल्याला पोहण्याचं पुस्तक वाचून कुणी उडी मारली नसती, पण तुम्ही नेमकं तेच करायला लावताय.

दुसरी. धाडकन होणाऱ्या डीकम्प्रेशनवर तुमचा सगळा जोर असतो, हळू होणाऱ्यावर दोन ओळी. धाडकन होतं तेव्हा आवाज होतो, धुकं होतं, थंडी भरते, मास्क पडतात, झोपलेला माणूससुद्धा उठतो. हळू होतं तेव्हा काही म्हणजे काही होत नाही. कान जरा दडे बसल्यासारखे. थोडं थकल्यासारखं. मागच्या गॅलीतली, म्हणजे विमानाच्या किचनमधली, मुलगी म्हणते आज बाई फारच दमायला झालं. बस, एवढंच.

हेलिओस 522 तुम्हाला ठाऊक आहे. 14 ऑगस्ट 2005, सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालेलं 737. आदल्या रात्री मेंटेनन्समध्ये प्रेशरायझेशनची, म्हणजे केबिनमध्ये दाब ठेवणाऱ्या यंत्रणेची, तपासणी झाली आणि सिलेक्टर 'मॅन्युअल'वर राहिला, म्हणजे दाब आपोआप राखला जाणार नव्हता. सकाळी तो कुणाच्या लक्षात आला नाही. 12,000 फुटांच्या आसपास वॉर्निंग हॉर्न वाजला, पण त्या विमानात तोच हॉर्न टेकऑफ कॉन्फिगरेशनसाठीही वाजायचा, पायलटना वाटलं ते दुसरंच काहीतरी आहे. कॅप्टन कंपनीशी रेडिओवर कूलिंगबद्दल बोलत राहिला आणि विमान चढत राहिलं. बोलता बोलता त्यांचं डोकं विझत गेलं. मागे मास्क पडले होते, प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण 12 मिनिटं पुरतो, तो संपला. विमान ऑटोपायलटवर 34,000 फुटांवर जाऊन अथेन्सवर घिरट्या घालत बसलं, ग्रीक हवाई दलाची एफ-16 बाजूला आली तर को-पायलट कॉकपिटमध्ये कलंडलेला दिसला. आणि मग अगदी शेवटी एक केबिन क्रू मेंबर, आंद्रेयास प्रोद्रोमू, पोर्टेबल बॉटल घेऊन कॉकपिटमध्ये शिरलेला दिसला. पण तोपर्यंत इंधन संपत आलं होतं. 121 माणसं गेली.

मी हा किस्सा क्लासमध्ये सांगायचे तेव्हा पोरं हळहळायची आणि मग मी एकच विचारायचे, मास्क पडल्यावर विमान खाली जायला हवं होतं, ते वरच चाललंय, हे कळायला पायलट असावं लागतं का? नाही लागत. पोटात कळतं. मग मास्क पडलेत, विमान उतरत नाहीये, कॉकपिटमधून आवाज नाही, तर तुम्ही कितव्या सेकंदाला इंटरकॉम उचलणार? आणि उत्तर नाही आलं तर? इथे वर्गात शांतता. कारण सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं की कॅप्टन बिझी असतील, त्यांना डिस्टर्ब करायचं नाही.

हीच तिसरी तक्रार. पायलट आणि केबिन क्रू यांचा हा ड्रिल तुम्ही एकत्र घेत नाही. पायलट सिम्युलेटरमध्ये त्यांचं करतात, मास्क, कम्युनिकेशन, इमर्जन्सी डिसेंट म्हणजे विमान झपाट्याने खाली आणणं, चोख. आम्ही मॉक-अपमध्ये आमचं, म्हणजे करायचो. दरवाजाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी नाटकं. पुढे कॅप्टनचा आवाज जड झाला, तो दोनदा तेच वाक्य म्हणाला, चहा दिला तर विचित्र हसला, हे ज्या मुलीला दिसू शकतं तिला तुम्ही कधी सांगितलंय का की हे दिसलं तर बोल, चुकीचं निघालं तरी तुला कुणी काही म्हणणार नाही? लेखी कुठे आहे ते? आमच्याकडे बावीस वर्षांची पोरगी पन्नाशीच्या कॅप्टनला 'सर, तुम्ही ठीक आहात ना' असं विचारायला घाबरते, आणि घाबरण्याला कारणं आहेत, ती तुम्हालाही माहितीयेत.

दुसरा माणूस किती कामाचा असतो ते बघायचं तर 2008 चं अमेरिकेतलं प्रकरण बघा. 26 जुलै, लिअरजेट नावाचं छोटं जेट विमान, 32,000 फूट. पायलट रेडिओवर जीभ जड झालेल्या आवाजात सांगतोय की उंची कंट्रोल होत नाहीये, स्पीड होत नाहीये, दिशा होत नाहीये, बाकी सगळं ओके आहे. बाकी सगळं ओके! क्लीव्हलंडच्या कंट्रोलरना आवाजावरून शंका आली की हे हायपॉक्सिया आहे, त्यांनी त्याला परत परत खाली यायला सांगितलं, आणि विमान 11,000 फुटांवर आल्यावर तोच माणूस एकदम नॉर्मल बोलायला लागला. दोन्ही पायलट वाचले. जमिनीवर बसलेल्या माणसाने नुसत्या आवाजावरून ओळखलं, मग एक दरवाजा सोडून उभी असलेली आमची मुलगी का नाही ओळखू शकणार? एटीसीवाल्यांना, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरना, पण हे रेकॉर्डिंग ऐकवा असं मी म्हणेन, पण ते तुमच्या हातात नाही, सोडा.

कुणी म्हणेल हे सगळं परदेशातलं. मग मुंबईचं घ्या. 20 सप्टेंबर 2018, जेट एअरवेजची मुंबई-जयपूर सकाळची फ्लाइट, 166 प्रवासी. इंजिनातून जी हवा केबिनमध्ये दाब ठेवायला येते तिचे स्विच, ब्लीड स्विच, ऑन करायचे राहिले. विमान चढतंय आणि केबिनही त्याच्यासोबत चढतेय, म्हणजे आतला दाबही घटतोय. मास्क पडले, विमान मुंबईला परत आलं, 30 जणांच्या नाकातून, काहींच्या कानातून रक्त आलं. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, पायलटना ड्युटीवरून उतरवलं. चॅनेलवर दिवसभर रक्ताचे रुमाल दाखवले. माझं म्हणणं एवढंच आहे की रक्त हा त्यातला भीतीदायक भाग नव्हताच, ते दाबाच्या फरकाने येतं. भीतीदायक हे की हेलिओसनंतर तेरा वर्षांनी पुन्हा एका 737 मध्ये एक साधी सेटिंग राहून गेली आणि चढताना ती लक्षात आली नाही. लोक घरी गेले हे नशीब म्हणा, सिस्टिम म्हणा. पण त्यावरून मागच्या केबिनमध्ये काय शिकवायचं याची जी चर्चा व्हायला हवी होती ती मला तरी कुठल्या रिफ्रेशरमध्ये दिसली नाही. चेकलिस्ट नीट वाचा, एवढा एक निष्कर्ष काढून सगळे मोकळे.

चौथी तक्रार हाताच्या कामाची आहे. प्रवाशांचा मास्क नुसता तोंडाला लावून चालत नाही, तो खाली ओढावा लागतो, तेव्हा बऱ्याच विमानांत वरचा केमिकल जनरेटर सुरू होतो. नवीन पोरं पहिल्यांदा किती नाजूक ओढतात ते तुम्ही मॉक-अपजवळ उभे राहिलात तर दिसेल, जणू तुटेल म्हणून. झटका द्यावा लागतो. मग जनरेटर तापतो आणि जळका, धुळकट वास येतो, प्रवाशाला वाटतं आग लागली. पिशवी फुगत नाही, त्याला वाटतं ऑक्सिजनच येत नाही, तो काढून टाकतो. हे दोन्ही ठरलेलं आहे, होणारच आहे, आणि त्या वेळी क्रू ओरडून काय सांगणार हे तोंडात बसलेलं पाहिजे. आणि पोर्टेबल बॉटल! कंसातून काढा, पट्टा खांद्यात अडकवा, मास्कची नळी उलगडा, ती नेमकी पट्ट्यात गुंतते, नॉब पूर्ण फिरवा, फ्लो बघा. माझ्या बॅचमध्ये हुशारातली हुशार मुलगी पहिल्या खेपेला यात एवढा वेळ घालवायची की 35,000 फुटांवर तिचा कारभार आटोपला असता. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात आपोआप चालायचे. 310 लिटरची बॉटल 4 लिटरच्या फ्लोवर तासाभराहून जास्त चालते हे तिला स्लाइडवर कळेल हो, पण नळीचा गुंता स्लाइडवर कसा सुटणार?

आणि सगळ्यात अवघड शिकवणं तर वेगळंच आहे, ते म्हणजे काहीच न करणं. मास्क पडले की जिथे असाल तिथे, जवळचा मास्क ओढा, लावा, बसा, जागा नसेल तर प्रवाशाच्या मांडीवर बसा, ट्रॉलीला ब्रेक लावा आणि काहीतरी धरून ठेवा. कुणाच्या मदतीला जायचं नाही. विमान खाली येऊन कॉकपिटमधून सांगेपर्यंत नाही. आपल्या मुलींना लहानपणापासून आधी सगळ्यांना वाढ, मग तू जेव, हे शिकवलेलं असतं आणि ते एका दिवसात जात नाही. मॉक-अपमध्ये मी रडणाऱ्या बाळाचं रेकॉर्डिंग लावायचे, निम्म्या मुली बाळाकडे धावायच्या, मास्क न लावता. तिथे त्यांना थांबवून सांगता येतं. मॉड्यूलमध्ये त्याच मुली 'आधी स्वतःचा मास्क' वर टिक करून पास होतात.

पाचवी थोडी नाजूक आहे, पण बोलते. हिमोग्लोबिन. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारी गाडी तीच, ती कमी असेल तर वर सगळंच लवकर होतं. आणि आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका ॲनिमिक निघाल्यात. आमच्या पोरी त्याच घरांतून येतात, वर वजनाच्या काट्याच्या धाकाने दुपारचं जेवण सोडतात आणि कॉफीवर चार सेक्टर मारतात. मेडिकलच्या कागदावर हिमोग्लोबिनचा आकडा असतो पण त्याचा आणि हायपॉक्सियाचा संबंध क्लासमध्ये कुणी जोडून दाखवत नाही. ग्रूमिंगवर जेवढा वेळ जातो त्याच्या पाव वेळ यावर द्या की. सिगारेटचंही तेच, धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. पायलट साहेबांनीही हे वाचावं.

लेहचं एक सांगून टाकते कारण तिथे मैदानावरचा हिशेब चालत नाही. दाब गेला की पटकन 10,000 फुटांवर या, हे मुंबई-दिल्लीला ठीक. लेहचा विमानतळच 10,682 फुटांवर आहे आणि आजूबाजूचे काही डोंगर त्याच्या जवळपास दुप्पट. तिथे लगेच खाली येताच येत नाही, म्हणून त्या मार्गावर ऑक्सिजनची तरतूद जास्त लागते आणि केबिन क्रूला मास्क लावून जास्त वेळ काढावा लागू शकतो. हे त्या रोस्टरवर असलेल्या प्रत्येक मुलीला कुणीतरी नकाशा समोर ठेवून सांगितलंय का? भाचीला विचारलं, ती म्हणाली लेहला थंडी असते एवढं सांगितलंय.

आता तुम्ही म्हणाल नियमात बसतं. कदाचित बसतही असेल. पण आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, ॲनेक्स 6 मध्ये साफ आहे की 3,000 मीटरच्या वर चालणाऱ्या विमानात काम करणाऱ्या केबिन क्रूला ऑक्सिजनच्या कमतरतेचे परिणाम आणि दाब गेल्यावर शरीरात काय होतं याचं ज्ञान पाहिजे. ज्ञान. कॅबमध्ये पेंगत दाबलेलं नेक्स्ट याला ज्ञान म्हणायचं का, ते तुम्हीच तुमच्या ऑडिटरला सांगा. मी ई-लर्निंगच्या विरोधात अजिबात नाही, थिअरी खुशाल फोनवर द्या, उलट बरंच आहे, वर्गातला वेळ वाचेल. तो वाचलेला वेळ प्रॅक्टिकलला द्या, कापू नका.

तर मागण्या अशा आहेत.

डीकम्प्रेशनचा प्रत्यक्ष सराव, मास्क ओढणं, बॉटल काढणं, न धावणं, दर रिफ्रेशरला मॉक-अपमध्येच घ्या. प्रत्येकाचा हात लागला पाहिजे, दोघांनी केलं आणि बाकीच्यांनी बघितलं असं नको.

नोकरीत एकदा तरी प्रत्येक पायलट आणि केबिन क्रूला स्वतःची लक्षणं अनुभवू द्या. त्यासाठी मोठा लोखंडी चेंबर बांधायची गरज नाही, जमिनीवर बसून कमी ऑक्सिजनची हवा देणारी मशिन मिळतात, त्यात दाब बदलत नाही त्यामुळे डीकम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे दाब घटल्याने शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा, धोकाही नाही. डॉक्टर हजर पाहिजे, आधी मेडिकल पाहिजे, ज्याला नको त्याला सक्ती नको. मशिन महाग वाटत असेल तर चार कंपन्यांनी मिळून एक घ्या, सिम्युलेटर नाही का भाड्याने घेत.

वर्षातून एकदा पायलट आणि केबिन क्रू एका खोलीत बसवा आणि हेलिओससारखी हळू जाणारी केस मिनिटामिनिटाने सोडवायला द्या. सोबत एक लेखी सूचना काढा, सही-शिक्क्याची: मास्क पडलेत आणि विमान उतरत नाहीये, तर केबिन क्रूने किती वेळात कॉकपिटला विचारायचं, उत्तर नाही आलं तर पुढची पायरी कोणती, आणि शंका खोटी निघाली तर तिच्यावर कारवाई होणार नाही.

हिमोग्लोबिन कमी निघालं तर उपचाराला वेळ द्या आणि नंतर परत उडू द्या. रोस्टरवरून गायब करू नका, नाहीतर लपवालपवी सुरू होईल.

आणि प्रवाशांची घोषणा. एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानात खिडकी फुटली तेव्हाचे फोटो बघा, कितीतरी जणांनी मास्क फक्त तोंडाला लावलेत, नाक उघडं. तिकडे ही गत तर इकडे काय सांगावं. कोल्हापूरहून, नांदेडहून, जळगावहून पहिल्यांदा विमानात बसलेल्या आजींना 'पुल द मास्क टुवर्ड्स यू' कळत नाही. मराठीत सांगा, जिथे जी भाषा तिथे ती सांगा: मास्क झटक्याने ओढा, नाक आणि तोंड दोन्ही झाका, पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येतोय, आधी स्वतःला मग नातवाला. चार वाक्यं आहेत, पंधरा सेकंद लागतात.

तुमच्यापैकी कुणाला हा ड्रिल परत बसवायचा असेल तर मी फुकट येऊन बॅच घेईन, माझा जुना प्लॅन, रडणाऱ्या बाळाच्या रेकॉर्डिंगसकट, अजून आहे. नसेल बसवायचा तर कारण जाहीरपणे लिहा, खर्च हे कारण असेल तर खर्च लिहा, म्हणजे तिकीट काढणाऱ्याला कळेल. आणि या वेळी कृपया 'नोटेड विथ थँक्स' पाठवू नका.

आपली,
एक माजी केबिन क्रू आणि सेफ्टी इन्स्ट्रक्टर
डोंबिवली